घूं, हमबकर आणि शुद्ध पाठ

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने आम्हांला एक प्रश्न विचारला. तो ज्ञानेश्वरीविषयी असेल अशा समजुतीने आम्ही सरसावून बसलो होतो. विद्यार्थी एम. ए.च्या पहिल्या वर्षाचा, राहणारा शनिशिंगणापूरजवळच्या एका वस्तीवरचा. रोज सोनईमार्गे ये-जा करणारा. त्याने विचारले, "सर, गिटारचे हमबकर बदलायचेत. कोणते घ्यावेत?" आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाला पेटी थोडीफार वाजवता येते, दुसऱ्याला तेवढेही नाही. तरीही हा प्रश्न आमच्याकडे आला, कारण त्याविषयीचे सगळे वाङ्मय इंग्रजीत आहे आणि आम्हांला इंग्रजी येते अशी त्या मुलाची भाबडी समजूत होती. आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले, की हा प्रश्न आमच्या धंद्याच्या इतका जवळचा आहे, की तो चुकून आमच्याकडे आला असे म्हणता येणार नाही.

आधी त्याच्या घराविषयी सांगायला हवे. शिंगणापुरात घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. शनीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. आणि देवालाच भिंत नको तर माणसाला कशाला, असा त्या गावाचा युक्तिवाद. चौकट असते, तिला फळी टेकवतात किंवा पडदा सोडतात. अलीकडच्या काळात या श्रद्धेला थोडे टवके गेले आहेत. २०१० मध्ये चोरीची तक्रार झाली, २०१५ मध्ये पोलीस ठाणे आले. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले होते, की काचेच्या दाराला सहज न दिसणारे, दुरून चालवता येणारे विद्युत्चुंबकीय कुलूप आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि लोखंड यांच्या साहाय्याने बँकेने श्रद्धा आणि सावधगिरी दोन्ही सांभाळल्या. हे वेटोळे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आमचा सगळा विषय त्याच्याचभोवती आहे.

आमचा विद्यार्थी बिनदाराच्या घरात गिटार वाजवतो. ती स्वस्तातली आहे, दोन हमबकर असलेली. त्याचे वडील बँजो वाजवतात. येथे बँजो म्हणजे अमेरिकेतले कातडे ताणलेले वाद्य नव्हे. वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, जत्रेत ज्याच्या नावाने 'बँजो पार्टी' निघते ते, टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेले आडवे वाद्य. त्याचे शास्त्रोक्त नाव बुलबुलतरंग. त्याची वंशावळ जपानपर्यंत जाते: १९१२ मध्ये नागोया येथे मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले, तेच बोटीतून हिंदुस्थानात आले, आणि नागोयातल्या कुणाच्या स्वप्नातही नसेल अशा प्रकारे कोकणात, मुंबईत, नगर-बीडच्या रस्त्यांवर रुजले. बलुचिस्तानात त्याचे 'बेंजू' झाले. आपल्याकडे मिरवणुकीच्या गदारोळात त्याचा नाजूक आवाज पोचेना, म्हणून तारांखाली पिकअप बसला आणि वाद्य भोंग्यातून बोलू लागले. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी या वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. तोवर आपल्या सुशिक्षित समाजाने या वाद्याची वाद्य म्हणून नोंद घेतल्याचे आम्हांला फारसे आढळलेले नाही. असो.

पिकअप म्हणजे काय? एक चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर लोखंडी म्हणजे पोलादी तारा. तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते, ते हलले की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. पितळेची किंवा नायलॉनची तार या यंत्राला ऐकूच येत नाही. अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी अशी पहिली यशस्वी गिटार बनवली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाई गिटार होती, तव्यासारखी दिसे म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. हवाई गिटारीचे वेड लवकरच कलकत्त्यास आणि मुंबईस पोचले. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ले विजेवरच्या हवाई गिटारीवर चित्रपटगीते वाजवत आणि त्या तबकड्या घरोघरी होत्या. पुढे १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरांची गिटार संतूर आणि बासरी यांच्या बरोबरीने बसली. म्हणजे चुंबक आणि वेटोळे हे आपल्या कानांना नवे नाही. आपण त्याचे नाव तेवढे घेत नव्हतो.

आता त्याचा दोष. वेटोळ्याला तारेचा कंप आणि भिंतीतल्या विजेचा कंप यांत फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही चुंबकीय क्षेत्राची हालचालच. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, ट्यूबलाइटची चोक, पंख्याची मोटार, भोंग्याच्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्याच लयीत अदृश्य क्षेत्र पसरतात, आणि एकेरी कॉइलचा पिकअप ते सारे आत घेऊन मोठ्याने म्हणू लागतो. मिरवणुकीत पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी भोंग्यातून जी 'घूं' ऐकू येते ती हीच. इंग्रजीत तिला 'हम' म्हणतात. आमच्यातल्या पेटीवाल्याने गणित करून पाहिले. पांढरी एकचा षड्ज धरला तर खर्जातला पंचम सेकंदाला सुमारे एकोणपन्नास कंपनांचा. वीज पन्नासावर. म्हणजे महाराष्ट्रातली घूं हा पंचमच आहे, फक्त एका अर्धस्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढा. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, त्यामुळे त्यांची घूं निराळ्या स्वरावर, त्यांच्या बी आणि बी फ्लॅट यांच्या मधे कुठेतरी पडते. प्रत्येक देशाला आपापला तंबोरा फुकट मिळालेला आहे, तो जुळलेला मात्र नाही.

या घूंवर उपाय शोधणारा माणूस कलामाझू या अमेरिकन गावातला सेथ लव्हर. रेडिओदुरुस्ती करणारा, नौदलात विद्युत्‌तंत्र शिकवून आलेला, गिब्सन कंपनीत नोकरीस. त्या कंपनीचा १९४६ पासूनचा एकेरी कॉइलचा पिकअप आवाजाला उत्तम, पण घूं करण्यात पटाईत. लव्हरने आधी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घूं मारणारी एक जोडकॉइल वापरली होती. तीच युक्ती पिकअपला लागू पडेल असे त्याच्या मनात आले. २२ जून १९५५ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून ते पिकअप गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले. त्याच सुमारास रे बट्स याने ग्रेच कंपनीसाठी स्वतंत्रपणे तेच साधले होते. श्रेय कोणाला याचा वाद अजून संपलेला नाही आणि तो मिटवण्याची आमची पात्रता नाही.

युक्ती अशी. एकाऐवजी दोन कॉइली शेजारी शेजारी ठेवायच्या. एकीत चुंबकाचा उत्तर ध्रुव तारेकडे, दुसरीत दक्षिण. शिवाय दुसरी उलट दिशेने जोडायची. तारेचा कंप दुसऱ्या कॉइलमध्ये दोनदा उलटतो, एकदा ध्रुवामुळे, एकदा जोडणीमुळे. म्हणजे सुलटाच होतो आणि पहिल्याच्या आवाजात मिळतो. बाहेरून आलेल्या घूंला मात्र चुंबकाच्या ध्रुवाशी कर्तव्य नाही. ती एकदाच उलटते, आणि दोन कॉइलींमधल्या दोन घूं एकमेकींना खाऊन टाकतात.

हे समजले तेव्हा आम्ही त्या मुलाला म्हणालो, की तुझ्या गावाचा न्याय इथे आहे. हमबकर हे दार नव्हे. तो चोराला बाहेर ठेवत नाही. चोर नेहमीसारखा आत येतो, मात्र दोन वाटांनी येतो आणि माजघरात त्याची गाठ स्वतःशीच पडते. मुलगा हसला. पण लगेच म्हणाला, "मग सर, घरातलं काही जात नाही का?" हा प्रश्न आम्हांला फार आवडला, कारण उत्तर 'जाते' असे आहे. दोन कॉइली तारेला दोन ठिकाणी ऐकतात. ज्या उपस्वरांची लाट त्या दोन ठिकाणी परस्परविरुद्ध असते ते उपस्वरही घूंबरोबर नाहीसे होतात. वरचे तेज कमी होते, आवाज गोल आणि भरदार येतो, कधी कधी झाकोळलेला. काही वादकांना हे हवेच असते, तर काही जण पन्नास वर्षे झाली तरी जुन्या एकेरी पिकअपची घूं सोसून ते तेज जपत आले आहेत.

लव्हरने या पिकअपवर धातूचे झाकण बसवले, तेही जर्मन सिल्व्हरचे, कारण त्यातून वरचे स्वर कमी गळतात. आपल्याकडची जर्मलची भांडी वेगळी, ती अ‍ॅल्युमिनियमची. यात चांदी नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही नाही, तांबे, निकेल आणि जस्त आहे. वरचे फिरवता येणारे स्क्रू त्याला नको होते. विक्रीविभागाला हवे होते, ग्राहकाला दाखवायला काहीतरी लागते म्हणून. आज त्या स्क्रूंच्या लांबीवरून जाणकार हातघाईवर येतात.

यापुढची हकीकत आमच्या विषयाची. पेटंट मिळेपर्यंत पिकअपच्या पाठीवर एक बारीक चिठ्ठी चिकटवलेली असे: पेटंटसाठी अर्ज केला आहे, एवढाच तिचा अर्थ. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपांना 'पीएएफ' म्हणू लागले. पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मंजूर झाले, तरी चिठ्ठ्या आणखी काही वर्षे चालूच राहिल्या. पुढे नवी चिठ्ठी आली, तिच्यावर पेटंटचा क्रमांक छापलेला. तो क्रमांक २७३७८४२. लव्हरच्या पेटंटचा क्रमांक २८९६४९१. छापलेला क्रमांक लेस पॉल यांच्या नावे असलेल्या, तारा अडकवायच्या एका पट्टीच्या पेटंटचा! चूक की हेतुपुरस्सर दिशाभूल याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. चुकीचा संदर्भ वर्षानुवर्षे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत जाणे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे आम्हांला गहिवरून आले.

हे पीएएफ पिकअप एकसारखे नाहीत. वेढे घालणाऱ्या यंत्रांवरचे कामगार बॉबिन भरली की हाताने थांबत; वेढे कधी पाच हजार, कधी कमी, कधी पुष्कळ जास्त. एकाच पिकअपच्या दोन कॉइलीही सारख्या नसत. चुंबक अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या लोहमिश्रणाचा. पण त्या मिश्रणाचे दोन, तीन, चार, पाच असे प्रकार, आणि कोठारात जो असेल तो बसवला जाई. काळे प्लॅस्टिक संपले तर बॉबिन क्रीम रंगाची. १९६१ च्या सुमारास चुंबक आखूड झाला. कॉइली असमान असल्या की घूं पूर्ण मरत नाही, पण वरचे काही तेजही वाचते. ज्या गोष्टीवर पुढे लोकांचा जीव जडला ती कामगाराच्या हातून आणि कोठाराच्या हिशेबातून आलेली होती. १९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या वादकांनी त्या गिटारी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांना जोडल्या, आणि आज मूळ पीएएफची एकेक नगही आपल्या रुपयांत लाखाच्या घरात जाते.

शिंगणापूर नेवासे तालुक्यात आहे. याच तालुक्याच्या गावी, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ती मूळ प्रत आपल्याजवळ नाही. जे आहे ते नकला आणि नकलांच्या नकला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीदही दिली. ती ताकीद द्यावी लागली यातच सगळे आले. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीचा पाठ छापला आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. तेव्हापासून मराठीच्या प्राध्यापकांत दोन पक्ष आहेत. प्रस्तुत लेखाच्या दोन लेखकांतही आहेत, आणि या मुद्द्यावर आम्ही एकमेकांशी चहाच्या वेळेत बोलत नाही. परंतु एका गोष्टीवर आमचे एकमत आहे: मूळ प्रत हरवलेली असली की 'मुळासारखे' या शब्दाला बाजारात किंमत येते.

गिटारीच्या बाजारात हेच घडले. सत्तरच्या दशकापर्यंत पिकअप बदलणे हा धंदा नव्हता. जो लागून आला तो आला. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप काढला, केवळ जुना काढून त्याच्या जागी बसवण्यासाठी. त्यात अल्निकोऐवजी सिरॅमिक चुंबक, वेढे जास्त, आवाज अ‍ॅम्प्लिफायरला फाडून टाकण्याइतका जोराचा. १९७६ मध्ये सीमूर डंकन यांनी कॅलिफोर्नियात आपली कंपनी काढली. जुने पिकअप उकलून, वेढे मोजून, पुन्हा गुंडाळून ते शिकले. म्हणजे एका घराण्याने नवी रचना केली, दुसऱ्याने संपादनाचा रस्ता धरला. अर्थात दोघांनीही पुढे दोन्ही केले. 'पीएएफ' ही आद्याक्षरे आणि दोन्ही बॉबिनी क्रीम रंगाच्या असलेले रूप ही अमेरिकेत डिमार्झिओंची व्यापारचिन्हे म्हणून नोंदली गेली आहेत. अर्ज केला होता एकाने, चिठ्ठी लावली दुसऱ्याने, मालकी तिसऱ्याची. आणि १९९४ मध्ये डंकन यांनी खुद्द सेथ लव्हरलाच हाताशी धरून त्याच्या नावाचा पिकअप काढला. ग्रंथकर्ता स्वतः संपादकमंडळात बसल्याचे असे उदाहरण आमच्या अभ्यासात विरळा. लव्हर १९९७ मध्ये वारला.

आता मुलाचा प्रश्न. दुकानांच्या याद्या वाचल्या तर पहिला आकडा दिसतो रोधाचा: साडेसात किलोओहम, नऊ, तेरा, सोळा. आकडा मोठा तितका पिकअप जोरकस असे लोक धरून चालतात. हे पानांच्या संख्येवरून ग्रंथाची योग्यता ठरवण्यासारखे आहे. रोध तारेच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून. बारीक तार वापरली की कमी वेढ्यांतही आकडा फुगतो, आणि चुंबक कोणता हे त्यातून कळतच नाही. साधारणपणे सात ते नऊ किलोओहमचे अल्निकोचे पिकअप जुन्या वळणाचे, मोकळे. त्यापुढचे मध्यम स्वरांत दाट आणि वरच्या स्वरांत मुके होत जाणारे. अल्निको दोन मवाळ, पाच तडफदार, सिरॅमिक कडक. यातले काहीही चांगले-वाईट नाही. कोणाबरोबर वाजवायचे हे आधी ठरले पाहिजे. आमचा विद्यार्थी जत्रेत वडिलांच्या बँजोबरोबर वाजवतो. बँजोचा आवाज टोकदार, वरच्या पट्टीतला. त्याच्या खाली जाडजूड सिरॅमिक घातला तर ढोलताशांच्या बरोबर नुसता चिखल होईल. म्हणून मानेकडे अल्निको दोन आणि घोडीकडे अल्निको पाच, दोन्ही कमी वेढ्यांचे, येथवर आम्ही आलो.

मुलाला मात्र एक दुसरा मार्ग सुचला होता. सोनईत काय आणि घोडेगावात काय, मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेतच. विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि ती माणसे अहोरात्र तांब्याची तार गुंडाळत बसलेली असतात. "पाच हजार वेढे ना? आपला माणूस घालील की." आम्हांलाही क्षणभर ही कल्पना सुंदर वाटली. पण येथे एक खड्डा आहे. पुस्तकात लिहिलेले असते: बेचाळीस गेजची तार. ते गेज अमेरिकन; त्याची जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगची तार ब्रिटिश गेजने मागतात, आणि त्या मापात बेचाळीस म्हणजे ०.१०२ मिलिमीटर, दीडपटीहून जाड. ती बॉबिनीत निम्मीही मावणार नाही. आपल्या दुकानात मागायची तर सेहेचाळीस मागायला हवी, आणि मोटारीच्या कामात इतकी बारीक तार कोणी ठेवत नाही. आकडा तोच, भाषा वेगळी, अर्थ वेगळा. भाषांतराच्या वर्गात हे उदाहरण आम्ही आता दरवर्षी देतो.

त्या कारागिराने मात्र फुकट सल्ला दिला आणि तो सगळ्या पुस्तकांपेक्षा मोलाचा निघाला. गिटार जोडून पाहिली. हमबकर असूनही घूं होतीच, आणि तारांना हात लावला की कमी होई. त्याने आधी तपासला तो भिंतीतला खटका. तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची, अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नव्हती. गिटार हातात धरून जागच्या जागी फिरल्यावर आवाज कमीजास्त होत असेल तर तो चुंबकीय, आणि त्यावर हमबकर उपाय. स्पर्शाने कमी होत असेल तर दोष अर्थिंगचा किंवा गिटारीच्या पोकळीला धातूचे अस्तर नसल्याचा; त्याला जगातला कोणताही पिकअप पुरा पडणार नाही. अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा झाला आणि निम्मी घूं त्याच दिवशी गेली. राहिलेला दोष जुन्या पिकअपांचाच होता: त्यांच्या कॉइली मेणात बुडवलेल्या नव्हत्या, त्यामुळे मोठ्या आवाजात तार सुटी थरथरून ते शिटी मारत. जत्रेच्या भोंग्यासमोर उभे राहणाऱ्याने मेणात बुडवलेलेच घ्यावेत. शिवाय घोडीवर तारांमधले अंतर मोजावे, कारण जुन्या गिब्सनच्या मापाचा पिकअप रुंद घोडीखाली बसवला तर कडेच्या तारा चुंबकाच्या बाहेर राहतात.

पार्सल शनिवारी आले. शनिवारी घरात लोखंड आणायचे नाही, त्यातून शिंगणापुरात तर नाहीच नाही. त्यामुळे अल्निको, ज्यात अर्ध्याच्या आसपास लोखंडच असते, एक रात्र सोनईच्या दुकानात राहिला आणि रविवारी उंबरा ओलांडून आला. ओलांडायला दार नव्हते, एवढेच.

रविवारी दुपारी आम्ही दोघेही गेलो होतो. डाखकाम मुलानेच केले. गिटार लावली, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, आणि काहीच ऐकू आले नाही. अगदी काहीच. मुलाने तार छेडली तेव्हा कुठे आम्हांला यंत्र चालू आहे हे कळले. ओसरीवर वडील बँजो घेऊन बसले होते. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बंद आहे का?" मग बराच वेळ कान पिळत राहिले. त्यांचा बँजो नेहमी किंचित चढा असतो, मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या काट्याच्या उजवीकडे, ही मुलाची जुनी तक्रार. आम्ही आमचे पन्नास आणि एकोणपन्नासाचे गणित त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. "तीस वर्षं त्या घूंवरच पंचम धरतोय," ते म्हणाले. "पेटी नसते हो मिरवणुकीत."

मुलाने मागवलेले पिकअप चार वायरींचे होते. दोन वायरींचे स्वस्त पडत, पण चार असल्या की एक कॉइल वेगळी करता येते. आवाजाच्या खुंटीला ओढायचा खटका बसवला की हमबकराचा अर्धा भाग गप्प आणि उरलेला पुन्हा एकेरी. हे त्याने तेज आवाजासाठी केले होते. आता त्याने खुंटी ओढली. घूं परत आली, पूर्वीपेक्षा बारीक, पण तीच. वडिलांनी बँजोची पंचमाची तार तिच्यावर आणून ठेवली, मग षड्जाची; मुलाने त्यांच्या षड्जावर गिटारीच्या सहाही तारा थोड्या थोड्या चढवल्या. मग त्याने खुंटी पुन्हा आत दाबली आणि दोघे वाजवू लागले.